किल धिस लव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅकपिंकचं हे गाणं ऐकणारे लोक तीन तऱ्हेचे भेटतात. काहींना ते तोंडपाठ असतं, काहींना त्यातलं फक्त ट्रम्पेट आठवतं आणि काही आईवडील दाराआडून येणारा आवाज ऐकून धास्तावलेले असतात. तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मला हे गाणं मनापासून महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

हे गाणं कोणाचं, कधीचं?

ब्लॅकपिंक हा जिसू, जेनी, रोझे आणि लिसा या चौघींचा दक्षिण कोरियन गट. ऑगस्ट २०१६मध्ये वायजी एंटरटेनमेंट या कंपनीने त्यांना पुढे आणलं. ‘किल धिस लव्ह’ ५ एप्रिल २०१९ला आलं. त्याच नावाचा पाच गाण्यांचा छोटा अल्बमही त्याच दिवशी आला आणि हे त्याचं शीर्षकगीत. गाण्यामागचा मुख्य हात टेडी या निर्मात्याचा. टूएनईवन आणि बिगबँग या गटांची अनेक गाजलेली गाणी त्यानेच घडवली होती. सोबत बेका बूम, आर. टी. आणि ट्वेंटीफोर ही मंडळी होती. ब्लॅकपिंकच्या आधीच्या गाण्यांतही यांतली बरीच नावं सापडतील.

गाणं नेमकं कशाबद्दल आहे?

जीव पोखरणाऱ्या नात्यातून बाहेर पडण्याबद्दल. पण हे उत्तर अपुरं आहे, कारण अशी गाणी ढिगाने आहेत. या गाण्याचं वेगळेपण त्याच्या सुरुवातीच्या ओळींत आहे. जेनी सुरुवात करते ती भेटीच्या गोडव्यापासून, आणि त्याच दमात निरोपाच्या क्रूरपणावर येते. देवदूतासारखी भेट आणि सैतानासारखा निरोप, अशी ती जोडी आहे. लगेच पुढे येतं की वेड लावणाऱ्या प्रत्येक उंचीनंतर तिची किंमत मोजावी लागते. मग लिसा म्हणते, या परीक्षेला उत्तरच नाही, आणि दर वेळी फसत असूनही आपण ‘हो’च म्हणतो.

त्या ‘दर वेळी’कडे नीट लक्ष द्या. म्हणजे हे नातं एकदाच तुटलेलं नाही. तुटलं, जुळलं, पुन्हा तुटलं, पुन्हा एका शब्दावर विरघळून परत गेली, असं हे चक्र आहे. एक शब्द ऐकला की पुन्हा हुरळून जाते आणि कड्याच्या टोकावर लोंबकळते, हेही गाण्यात उघड सांगितलेलं आहे. नात्यातला त्रास आणि नात्यानंतरचा त्रास यांच्यात अशा वेळी रेघ ओढता येत नाही. माणूस गेलेला असतो आणि जीव तिथेच अडकलेला असतो. गाणं उभं आहे ते या अडकलेपणावर.

‘किल’ म्हणजे मारायचं कोणाला? प्रियकराला?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तो दूर व्हायला हवा. आख्ख्या गाण्यात त्या माणसाला इजा करण्याची एकही ओळ नाही. त्याचं वर्णनही फारसं नाही. तो कसा दिसतो, त्याने काय केलं, दुसरी कोणी होती का, यातलं काहीच कळत नाही. राग आहे तो स्वतःच्या ओढीवर.

मुखड्याच्या आधीच्या ओळींचा आशय असा आहे : मी काय करू, माझा हा दुबळेपणा मलाच सहन होत नाही, डोळे कसेबसे झाकून घेते आणि या प्रेमाचा श्वास तोडते. डोळे झाकून, हे त्यात फार महत्त्वाचं आहे. बघत राहिली तर हात उचलणार नाही, हे तिला ठाऊक आहे. प्रेम अजून जिवंत आहे, म्हणून तर ते संपवावं लागतंय. आपोआप विझलं असतं तर या गाण्याची गरजच नव्हती.

जाच सोसून बाहेर पडलेल्या बाईला लोक हमखास विचारतात, ‘एवढं होतं तर आधीच का नाही सोडलंस?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मी ऐकलेल्या पॉप गाण्यांत क्वचितच सापडलं. इथे ते आहे. सोडवत नव्हतं, कारण आवडत होतं. दुसऱ्या कडव्यात लिसा ते स्पष्ट म्हणते : त्याच्या प्रेमाने माझी वाताहत केली आणि तरी मला सर्वांत प्रिय तेच आहे.

मग गाणं इतकं अंगावर येणारं का आहे? हाच आशय हळुवार चालीत नसता का आला?

आला असता, आणि कोरियन संगीतात विरहाच्या हळुवार गाण्यांना तोटा नाही. पण या गाण्याची ताकद आशय आणि आवाज यांच्यातल्या ओढाताणीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गाणं सुरू होतं तेच पितळी वाद्यांनी. सुरांची एक छोटी, तुटक ओळ पुन्हा पुन्हा आदळते आणि तिच्या खाली संचलनाला वाजतो तसा कडक ताशीव ड्रम. वरातीचा बँड अजून गल्लीच्या वळणापलीकडे असतो, पण ट्रम्पेटने घरातली माणसं आधीच गॅलरीत आलेली असतात, तसं हे गाणं दिसण्याआधी पोचतं. मग कडवं सुरू होताना ती वाद्यं बाजूला होतात. खाली खोल बास आणि ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारातला ठेका राहतो, वर जेनी आणि लिसाचं रॅप. शब्द चावून, अंतर ठेवून फेकलेले.

त्यानंतर गाण्याचा नूर बदलतो. जिसू आणि रोझे गाऊ लागतात आणि पहिल्यांदाच सलग, सुरेल चाल येते. ऊबदार थरथर, लालभडक हुरहुर, स्वर्ग वाटावा असं सगळं. इथे ऐकणाऱ्यालाही वाटतं की थांबावं, परत जावं. चाल मुद्दाम गोड आहे, कारण मोहही गोड आहे. ‘कोणाला जास्त दुखेल, तुला की मला?’ असा प्रश्न येतो. मग तो दुबळेपणाचा कबुलीजबाब, ठेका विरळ होत जातो, आणि श्वास तोडण्याची ओळ संपताक्षणी पितळी वाद्यं पुन्हा कोसळतात.

आता मुखड्यात काय आहे ते पाहा. गाण्याचं नाव ओरडून म्हटलेलं, आणि बाकी वाद्यं. गाता येईल अशी ओळ तिथे जवळजवळ नाहीच. बहुतेक पॉप गाण्यांत सर्वांत गुणगुणण्याजोगा भाग मुखडा असतो, इथे सर्वांत गुणगुणण्याजोगा भाग मोहाचा आहे आणि मुखड्यात फक्त कृती आहे. निर्णय झाल्यावर समजावणं, विनवणं, वाद घालणं सगळं थांबतं. म्हणून मला तो आवाज अनाठायी वाटत नाही. हळुवार चालीत हे गाणं परत त्याच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं.

शेवटाकडे गाणं अचानक शांत होतं, तिथे काय म्हटलंय?

तो रोझेचा भाग. सगळा गोंगाट ओसरतो आणि ती म्हणते की आपण सगळेच रडवणाऱ्या प्रेमाला बांधून घेतो. जिसू पुढची ओळ घेते, आतून मारणाऱ्या प्रेमाची. तोपर्यंत गाणं ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यातलं होतं. इथे ते ‘आपण’ होतं. आणि मग निर्वाळा येतो : वाईट वाटेल, पण खरं हेच आहे, या प्रेमाने तुझाही जीव घेण्याआधी त्याला संपव. तो ‘तुझाही’ ऐकणाऱ्याला उद्देशून आहे. त्यानंतरच्या ढोलांना वेगळा अर्थ येतो, कारण आता ती एकटी चालत नसते.

माझ्या मते संपूर्ण गाण्यातली सर्वांत उत्तम जागा ही. घाईत गाणं अर्ध्यावर बंद करणारे नेमके याला मुकतात.

व्हिडिओमधल्या त्या मोठ्या सापळ्याचा अर्थ काय?

रानात जनावर पकडायला लावतात तो दातेरी लोखंडी सापळा घराएवढा करून त्याच्या जबड्यात चौघी नाचतात. दिग्दर्शक सो ह्यन-सुंग. अर्थ उलगडून सांगायची गरज नाही, पण एक गोष्ट नजरेतून सुटते : चौघी त्या सापळ्यातून पळण्याची धडपड करत नाहीत, आत उभं राहून नाचतात. अडकलेलं असतानाच अंगात बळ येतं, अशी ती मांडणी आहे.

मला त्याहून जास्त भिडतो तो रोझेचा प्रसंग. रडून डोळ्यांतलं काजळ ओघळलेलं आहे आणि ती भरधाव गाडी चालवते आहे. रस्त्यात समोर कोणीतरी उभं दिसतं. ती दुसरी कोणी नाही, रोझेच आहे. गाडी स्वतःवरच चाल करून जाते. गाण्यातला राग कोणावर आहे, या वरच्या प्रश्नाला व्हिडिओने दिलेलं उत्तर इतकं थेट आहे. ज्यांना कोरियन शब्द कळत नाहीत त्यांनी निदान हा प्रसंग दोनदा पाहावा.

शेवटी नर्तकांची मोठी फौज संचलन करत येते आणि चौघी तिच्या पुढे असतात.

या व्हिडिओवर कोरियात बंदी आली होती, हे खरं का?

देशभर बंदी वगैरे काही नव्हती. केबीएस या सार्वजनिक वाहिनीने तो प्रसारणासाठी अयोग्य ठरवला. कारण हिंसा किंवा कपडे नव्हे, तर वर सांगितलेल्या गाडीच्या प्रसंगात रोझेने सीटबेल्ट लावलेला नाही, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडला जातो, हे. केबीएस अशा बाबतीत काटेकोर आहे आणि तिथे अनेक गाण्यांना अशा कारणांनी कात्री लागलेली आहे. यूट्यूबवर व्हिडिओ पहिल्या दिवसापासून आहे.

किती गाजलं?

पहिल्या चोवीस तासांत यूट्यूबवर ५.६७ कोटी वेळा पाहिलं गेलं. तो त्या वेळचा विक्रम होता. प्रीमिअरच्या वेळी एकाच क्षणी सुमारे पावणेदहा लाख लोक वाट पाहत बसले होते. चोवीस तासांचा विक्रम आठवडाभरच टिकला, कारण १२ एप्रिलला बीटीएस या कोरियन मुलांच्या गटाचं ‘बॉय विथ लव्ह’ आलं आणि त्याने तो मोडला. सप्टेंबर २०२०मध्ये ‘किल धिस लव्ह’ १०० कोटींच्या पुढे गेलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ते ४१व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि अल्बम बिलबोर्ड २०० या अल्बमांच्या यादीत २४व्यापर्यंत. कोरियन मुलींच्या गटासाठी तोपर्यंतच्या त्या दोन्ही सर्वोच्च जागा होत्या.

कोचेलाचं काय महत्त्व?

कॅलिफोर्नियातल्या या संगीत महोत्सवात १२ आणि १९ एप्रिल २०१९ला ब्लॅकपिंकचे कार्यक्रम झाले. तिथे गाणारा हा पहिला कोरियन मुलींचा गट. म्हणजे गाणं आल्यावर अवघ्या आठवड्यात ते अशा प्रेक्षकांसमोर गेलं ज्यांतल्या अनेकांना कोरियन संगीताचा गंधही नसेल. सोबत वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवत होता, त्यामुळे ढोल आणखी जड वाजतात. स्टुडिओतलं गाणं थोडं यांत्रिक वाटत असेल तर त्या कार्यक्रमाची ध्वनिफीत जरूर ऐका.

‘नुसता गोंगाट आहे, आधीच्याच गाण्याची नक्कल आहे’ असं काही जण म्हणतात. खरं आहे का?

आरोपाचा दुसरा भाग निराधार नाही. आदल्या वर्षीचं ‘डु-डु डु-डु’ आणि हे गाणं यांचा सांगाडा एकच आहे : रॅपचं कडवं, सुरेल चढाव, मग शब्दांऐवजी वाद्यांचा मुखडा आणि शेवटी कवायती नाच. टेडीची ही घडी पुढे ‘हाउ यू लाइक दॅट’मध्येही दिसते. सलग ऐकलं तर साचा जाणवतो.

पण साचा तोच असला तरी आत काय भरलंय ते पाहायला हवं. ‘डु-डु डु-डु’मध्ये मिरवणं आहे, मी कोण आहे ते बघ असा पवित्रा आहे. ‘किल धिस लव्ह’मध्ये तोच कडक आवाज एका हरलेल्या, लाजलेल्या मुलीला मिळाला आहे. कोरियन पॉपमधल्या तडफदार मुलींच्या गाण्यांत दुबळेपणाची कबुली सहसा ठेवत नाहीत. या गाण्याने ती ठेवली, आणि तीही मुखड्याच्या दाराशी.

माझी मुलगी गॅदरिंगला यावर नाच बसवते आहे. काळजी करावी का?

गाण्यात शिवीगाळ नाही, कोणाला मारण्याचं उत्तेजन नाही. नाच मात्र दमवणारा आहे. मांड्या आणि गुडघे यांवर ताण येतो, तेव्हा सरावाआधी शरीर मोकळं करायला सांगा आणि घरच्या फरशीवर पायमोजे घालून नाचू देऊ नका.

एक सुचवते. गाणं बंद करायला सांगण्याऐवजी तिच्यासोबत बसून एकदा व्हिडिओ बघा आणि तिला त्यात काय दिसतं ते विचारा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीशी ‘कुठलं नातं सोडावं’ हा विषय कसा काढायचा, या विचारात अनेक आया वर्षानुवर्षं काढतात. इथे विषय आधीच निघालेला आहे. तिने उत्तर टाळलं तर रेटू नका, पुढे कधीतरी ती आपणहून बोलेल इतकी जागा ठेवा.

ब्रेकअपनंतर हे गाणं सतत ऐकते. त्याने खरंच फायदा होतो का?

गाण्याने जखम भरत नाही. पण परत मेसेज करण्याची सुरसुरी आली असताना तीन मिनिटं हात फोनपासून दूर राहिला, तर ती तीन मिनिटं फुकट गेली नाहीत. अनेक जणी मला सांगतात की त्यांना पहिल्यांदा रडू न येता रागही येऊ शकतो हे या गाण्यामुळे उमगलं. राग आला म्हणून आपण वाईट ठरत नाही.

तरी एक गोष्ट गाण्यात नाही आणि ती इथे सांगायलाच हवी. गाण्यातली मुलगी एकदा निश्चय करते आणि ढोल वाजतात. प्रत्यक्षात निश्चय पुन्हा पुन्हा करावा लागतो. नंबर ब्लॉक करायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा ब्लॉक करायचा, हे होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एखाद्या मैत्रिणीला किंवा घरातल्या विश्वासाच्या माणसाला सगळं खरं सांगून ठेवा, म्हणजे दुबळ्या क्षणी फोन करायला कोणीतरी असेल.

आणि तो माणूस पाठलाग करत असेल, धमक्या देत असेल, फोटो पसरवण्याची भीती घालत असेल, तर तो प्रेमभंगाचा विषय उरत नाही, तो गुन्हा आहे. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची वेळ असेल तर ११२. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

मुलांनी हे गाणं ऐकावं का? की ते फक्त मुलींसाठी आहे?

अवश्य ऐकावं. शब्दांत लिंग फारसं आड येत नाही, आणि अडकून राहण्याचा अनुभव मुलांनाही येतो. फक्त त्यांना तो बोलायला जागा कमी मिळते.

कोरियन येत नाही. कसं ऐकावं?

गाण्यातला बराच भाग इंग्रजीत आहे, विशेषतः दुसऱ्या कडव्यातला लिसाचा तुकडा आणि रोझेचा शांत भाग. कोरियन ओळी प्रामुख्याने पहिल्या कडव्यात आणि मुखड्याआधीच्या चढावात आहेत. यूट्यूबवरच्या अधिकृत व्हिडिओला उपशीर्षकं आहेत. आधी एकदा शब्द न वाचता ऐका, मग उपशीर्षकांसह. ऑक्टोबर २०१९मध्ये याच अल्बमची जपानी आवृत्तीही आली. चाल तीच आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कोरियनच ऐकावं, कारण रॅपमधले आघात मुळात त्या शब्दांसाठी बसवलेले आहेत.

यानंतर काय ऐकू?

मागे जायचं असेल तर टूएनईवनचं २०१०चं ‘गो अवे’. सोडून जाणाऱ्याला ‘जा’ म्हणण्याची ही तऱ्हा तिथे आधीच दिसते, आणि निर्माता तोच टेडी आहे. कोरियन गायिका सुन्मीचं २०१७चं ‘गाशिना’ आवाजाने लहान आहे, पण त्यातला डंख खोल जातो. जेनीचं ‘सोलो’ नोव्हेंबर २०१८चं, म्हणजे या गाण्याच्या काही महिने आधीचं. त्यात सुटकेनंतरचा मोकळेपणा आहे, लढाई नाही.

पण सर्वांत आधी रोझेचं ‘टॉक्सिक टिल दि एंड’ ऐका. डिसेंबर २०२४मध्ये तिच्या ‘रोझी’ या अल्बममध्ये आलेलं, संपूर्ण इंग्रजी. तोच विषय, तीच गायिका, पण ढोल नाहीत, फौज नाही. इथे ती नावं ठेवते, आठवणी उगाळते, आणि तेवढ्यातच आपणही त्या खेळात सामील होतो हे कबूल करते. ‘किल धिस लव्ह’मध्ये न सांगितलेले तपशील ती इथे एकेक करून सांगते.